बिनविस्तवाचा उन्हाळा

माझं नाक गेलं. चेहऱ्यावरचं नव्हे, ते जागच्या जागी आहे आणि अजून पहिल्याइतकंच मोठं आहे. वास घेणारं नाक गेलं. साथीच्या दिवसांत मला ताप आला तेव्हा रोह्याहून लेक येऊन राहिली. तिने माझं सगळं केलं, मी उठून बसलो आणि मग ती पडली. दोघंही बरी झालो. माझ्या नाकाने मात्र त्या तापात जो राजीनामा दिला, तो आजतागायत मागे घेतलेला नाही.

लोकांना मी गमतीने सांगायचो, की एसटीत जन्मभर कंडक्टरकी केली, त्यातली निम्मी पेण-रोहा गाडीवर. सुक्या मासळीच्या पाट्या, डिझेल, ओल्या छत्र्या, खिडकीशी बसलेल्यांच्या उलट्या, एवढं सगळं हुंगून झाल्यावर नाकाचा कोटा संपला असणार. लोक हसायचे. वासामागोमाग चवही जाते, हे मात्र मी कोणाला सांगत नसे. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू एवढं कळतं, तिखटाची आग कळते, बाकी सगळं एकच. आमरसात आणि साखरेच्या पाण्यात फरक उरतो तो रंगाचा. बायको जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तिच्या हातची चव तर गेलीच होती, पण ती आठवायचं साधनही गेलं, याचं मला फार वाईट वाटलं.

तरी माणूस सरावतो. पेणच्या रामवाडीत दुसऱ्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत. सकाळी चहा, दुपारी वरणभाताचा कुकर, एखादी भाजी, असं माझं मी करून खात होतो. खिडकीतून एसटीच्या गाड्या ऐकू येतात. कुठली वेळेवर सुटली आणि कुठली नाही, हे मला अंथरुणातून कळतं आणि उशीर करणाऱ्या कंडक्टरला मी पडल्या पडल्या दोन शब्द सुनावतो. संध्याकाळी स्टँडवर जुने सोबती भेटतात. तिथे सगळे एकदम बोलतात आणि कोणी कोणाचं ऐकत नाही. या वयात यापेक्षा जास्त काही लागतं, असं मला वाटत नाही.

होळी होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी दूध मंद आचेवर ठेवून मी पेपर वाचत बसलो. खिडकी उघडी होती. वाऱ्याने ज्योत विझली आणि गॅस तसाच सुटत राहिला. मी आत गेलो तर दूध गार, शेगडी गार. आपण पेटवायचंच विसरलो, असं समजून मी लायटर हातात घेतला. तेवढ्यात समोरच्या घरातली शेजारीण चपला न काढता आत घुसली आणि तिने माझं मनगट धरलं.

"चाचा, तो लायटर ठेवा खाली," ती म्हणाली. "अख्ख्या जिन्यात वास भरलाय. तुम्हाला येत नाय काय?"

मी नाही म्हटलं. तिने शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि मला हाताला धरून बाहेर जिन्यात आणून बसवलं. मला अजून काही कळलंच नव्हतं. कळलं तेव्हा मात्र मी तासभर त्या पायरीवरून उठलो नाही.

ही शेजारीण माहेरची रोह्याजवळच्या अष्टमी गावची. नवरा आखातात नोकरीला, ती इथे घरी शिवणकाम करते. तिने लेकीला फोन केला आणि दुपारपर्यंत लेक आणि जावई गाडी घेऊन हजर. लेक रोह्याच्या शाळेत शिकवते, राहायला जवळच वरसेला. वर्गात बोलते तसंच घरात बोलते. तिने आल्या आल्या सिलिंडर काढला, शेगडी काढली आणि दोन्ही गाडीत टाकलं.

"आता तुम्हीपण चला," ती मला म्हणाली. "खोली तयार हाय."

वरसेची ती खोली मला ठाऊक आहे. पंखा आहे, टीव्ही आहे, पुढे झाडं आहेत, सगळं चांगलं आहे. बायको गेल्यावर मी तिथे पंधरा दिवस राहिलो होतो. त्या पंधरा दिवसांत मला कोणी साधं पाण्याचं भांडं विसळू दिलं नाही. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. चोविसाव्या तासाला माझा पाहुणा झाला आणि आठव्या दिवशी मी स्वतःला आजारी वाटायला लागलो. तिथे कायमचं गेलो तर माझ्या हातचं सगळं काम संपेल आणि मग मीही लवकरच संपेन, अशी मला खरोखर भीती होती. लेकीला मी तेव्हा एवढंच म्हटलं, की मी येणार नाही.

जावयाने विजेच्या शेगडीचं सुचवलं. लेक म्हणाली, करपलं तरी यांना कुठं कळणार आहे. मग डबा लावायचं निघालं. डबा लावला तर मी दिवसभर करू काय, असं मी विचारलं. वाद वाढला. शेजारीण दारात उभी राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी लेकीने माझ्यापुढे अट ठेवली.

"जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत बघू," ती म्हणाली. "घरात विस्तव नाय. दूध नाय, दही नाय, मासे नाय, अंडी नाय. त्यातलं काय नासलं तर तुम्हाला समजायचं नाय. बाहेरचे वडे नाय. वजन उतरता कामा नये आणि शुगर चढता कामा नये. जमलं तर खुशाल राहा इथं. नाय जमलं, तर मुकाट्याने वरसेला यायचं."

मी तावातावाने हो म्हणून बसलो. गाडी गेली आणि मग स्वयंपाकघरातल्या त्या मोकळ्या ओट्याकडे बघून माझ्या नाकी नऊ आले. मासे नाहीत म्हणजे काय, हे पेणच्या माणसाला समजावून सांगायला नको.

पहिला आठवडा लाजिरवाणा गेला. केळी, चुरमुरे, शेंगदाणे, पुन्हा केळी. पाण्यात ढवळलेला गार चहा एकदा करून पाहिला आणि बेसिनमध्ये ओतला. तशात नात आली. लेकीची मुलगी, रोह्यालाच कॉलेजात शिकते. माझी कीव येऊन तिने येताना डाएट कोल्याचं डबडं आणलं होतं. "आजोबा, यात साखर नसते," ती म्हणाली. मी एक घोट घेतला आणि थांबलो. चव नेहमीसारखी, नुसतं गोड, पण जिभेला, टाळ्याला, घशाला बारीक बारीक टोचलं. किती वर्षांनी तोंडात काही नवं घडलं होतं. मी ते डबडं उभ्या उभ्या संपवलं.

तेव्हापासून मला त्याचा नादच लागला. आधी दुपारचं एक, मग जेवणाबरोबर एक, मग चहाच्या वेळेला चहाऐवजी एक. पंधरा दिवसांत मी दिवसाला चारवर गेलो. पोटात आग पडायला लागली, ढेकरा थांबेनात, झोप उडाली. डॉक्टरकडे गेलो तर ते म्हणाले, साखर नसली म्हणून ते पाणी होत नाही, हे आधी बंद करा. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, मला टोचणारं काहीतरी हवं आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि इंजेक्शन देऊ का, असं विचारलं. माणूस बरा आहे, पण विनोद पाठ केल्यासारखे करतो.

शेजारणीने माझ्या कचऱ्याच्या डब्यातली डबडी मोजली होती. ती जिन्यात गाठून म्हणाली, "चाचा, सिलिंडर गेला आणि तुम्ही हे आणलंत. एका गॅसच्या जागी पोटात चार गॅस."

मी मग डबड्याला पर्याय शोधायच्या पद्धतशीर मागे लागलो. लिंबूपाणी केलं, आवळा किसून मिठाच्या पाण्यात घातला, शहाळं आणलं, कोकमाचं आगळ माठातल्या पाण्यात मिसळून त्यात जिऱ्याची पूड आणि काळं मीठ घातलं. सगळी चांगली पेयं. लहानपणापासून प्यालो आहे. पण माझ्या तोंडात ती मुकाट येत आणि मुकाट जात. आंबट लागे, खारट लागे, पण कोणी आल्यासारखं वाटत नसे. मी कोकम पिऊन झाल्यावर चोरून डबडं फोडायचो.

खाण्याचं मात्र हळूहळू जमत गेलं आणि त्याचं श्रेय माझ्या गेलेल्या बायकोच्या आठवणीला आहे. ती तळकोकणातली. दडपे पोहे हा तिचा हातखंडा पदार्थ, आणि तो करताना ती शेगडीकडे फक्त फोडणीपुरती वळायची, हे मला आठवलं. मी फोडणीवर काट मारली. आमच्या पेणच्या गिरणीतले पातळ पोहे, ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, किसलेली कैरी, मिरची, मीठ आणि नारळाचंच पाणी शिंपडून सगळं हाताने कालवायचं, वर ताट उपडं घालायचं आणि त्यावर वजन ठेवून अर्धा तास दडपायचं. पहिल्यांदा मी जाडे पोहे घेतले आणि दातांची परीक्षा झाली. दुसऱ्यांदा वजन म्हणून पाण्याने भरलेली कळशी ठेवली, ती कलंडली आणि पोह्यांची पेज झाली. तिसऱ्यांदा जमले. दाताखाली कांदा करकरला, मिरची झोंबली, कैरीने गाल आत ओढले. चव नव्हती, पण जेवण होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

मग मला धीर आला. भिजवलेली हरभऱ्याची डाळ पाट्यावर भरड वाटून तिच्यात कैरी किसली, की चैत्रातली कैरीची डाळ. ही बायकांच्या हळदीकुंकवाची वस्तू, मी एकटाच वाटी घेऊन खिडकीत बसून खाल्ली. चिंचेचा कोळ आणि नारळाचं दूध घातलेले कोळाचे पोहे केले, गूळ नावाला. मोड आलेले मूग, कोचवलेली काकडी, दाण्याचं कूट. मेतकूट आणि कच्चं तेल लावलेले पोहे तर दोन मिनिटांत होतात आणि भूक लागलेल्या माणसाला तेवढी दोनच मिनिटं धीर असतो. जन्मभर डब्यातलं गार जेवण गाडीच्या बॉनेटवर बसून जेवलेला माणूस मी, गरम नाही म्हणून रडण्यातला नव्हतोच. उलट भांडी कमी पडू लागली, ओटा स्वच्छ राहू लागला, उन्हाळ्यात घर तापेना. मी खूश होतो. हे लेकीला फोनवर सांगायचं नाही, असं ठरवून मी रोज सांगायचो.

नात एकदा येऊन जेवली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही वेगन झालात."

मला वॅगन ऐकू आलं. रोह्याच्या यार्डात उभी असते ती. मी म्हटलं, वजन वाढलंय हे चांगलंच आहे, तुझ्या आईला सांग. ती हसून हसून भिंतीला टेकली. मग तिने समजावलं, की दूध-तुपासकट जनावराचं काहीच न खाणाऱ्यांना तसं म्हणतात आणि मुंबईत लोक ते हौसेने करतात. मी म्हटलं, हौसेने करणाऱ्यांना बांगडा भेटलेला नसणार.

आता तिरफळाचं सांगतो. मिठाची बरणी शोधताना कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात बायकोची एक छोटी बाटली हाताला लागली. आत काळपट, सुकलेली, फुटकी फळं. मिरी असावी, असं वाटलं. वास घेऊन ओळखायची सोय नाही, त्यामुळे मी हल्ली ओळख चावून करून घेतो. एक टरफल दाढेखाली धरलं. आधी काही नाही. मग जिभेच्या टोकाला मुंग्या आल्या, त्या वाढत गेल्या, ओठ थरथरल्यासारखे झाले, सगळं तोंड जागं झालं. तिरफळ होतं ते. बांगड्याच्या आमटीत ठेचून घालायची ती, आणि मी आमटीतून काढून ताटाच्या कडेला ठेवायचो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं तिरफळाने, बरंचसं तिच्यामुळे. मग मी तिथेच फरशीवर बसून एकटा हसलो, कारण मला डबड्याविना टोचणारा सोडा सापडला होता.

चार-पाच प्रयत्नांत प्रमाण बसलं. तिरफळातली काळी बी काढून टाकायची, ती कडू. टरफलं ठेचून तासभर माठातल्या पाण्यात भिजवायची, गाळायची, त्या पाण्यात कोकमाचं आगळ, जिऱ्याची पूड, काळ्या मिठाची चिमूट. साखर अजिबात नाही. घोट घेतला की क्षणभराने जीभ गुदगुल्या केल्यासारखी नाचते. पोटात आग नाही, ढेकर नाही. मी डबडी बंद केली ती त्या दिवसापासून, आणि महिन्याभरात झोप आपल्या पायांनी परत आली.

एवढं सगळं सुरळीत चाललं होतं, पण त्यात एक भोक होतं आणि ते मी लेकीपासून लपवलं होतं. दूध, मासे, अंडी यांवर तिने बंदी घातली, पण नारळ ती विसरली होती. माझं सगळं जेवण नारळावर. आणि नारळही उतरतो, खवट निघतो, एप्रिल-मेच्या उष्म्यात किसलेलं खोबरं दुपारपर्यंत नासतं. बघून कधी कळतं, कधी नाही. नाकाला मात्र लगेच कळतं. एप्रिलमध्येच एकदा मी खराब खोबरं खाऊन दोन दिवस आडवा झालो. लेकीला सांगितलं, की गरम होतंय म्हणून थकवा आहे.

शेजारणीने ते ओळखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दार वाजवलं आणि हात पुढे केला. "आणा इकडे काय खाणार ते." मी वाटी दिली, तिने हुंगली. "हाय बरं," म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. तेव्हापासून रोज साडेनऊला ती यायची. मी खोबरं, डाळ, मोड आलेले मूग ओळीने दारात धरायचो आणि ती नाक लावून निकाल द्यायची. दोनदा तिने "टाका" म्हटलं आणि मी मुकाट टाकलं. ती माझ्यात नाक खुपसते, असं मी तिला चिडवायचो. ती म्हणायची, "तुमचं नाय म्हणून माझं खुपसते, चाचा." तिला मी रोज एक ग्लास तिरफळाचं सरबत द्यायचो. पहिल्यांदा तिने ते थुंकायचंच बाकी ठेवलं होतं, नंतर आवडू लागलं.

पण हे लेकीला कळलं, तर ती काय म्हणेल ते मला ऐकू येत होतं. म्हणजे एकट्याला जमत नायच. आणि तिचं खरंच होतं.

शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी लेक आणि नात दुपारी जेवायला यायच्या होत्या. वजन आणि शुगर आदल्या आठवड्यातच बघून झालं होतं, दोन्हीत मी पास होतो. राहिलं होतं ते फक्त हे जेवण. त्यानंतर निकाल. आणि नेमकी शुक्रवारपासून शेजारीण भावाच्या घरच्या साखरपुड्याला अष्टमीला गेलेली. फोनवरून वास जात नाही. खालच्या मजल्यावर वाटी घेऊन जायची मला लाज वाटली.

सकाळी नारळ फोडला. आतून मोगऱ्यासारखा पांढरा. पाण्याचा घोट घेतला, गोडसर लागलं, म्हणजे मला लागायचं तेवढंच लागलं. काय होणार आहे, दहात नऊ नारळ चांगलेच निघतात, असं मी स्वतःला सांगितलं. खोबरं किसून बाजूला ठेवलं. पोहे, कांदा, कैरी तयार केली. डाळ वाटून माठाशेजारी गारव्याला ठेवली. दोघी आल्या. लेकीने घरभर नजर फिरवली, ओटा पाहिला, कचऱ्याचा डबाही पाहिला. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं आणि ते लपवायचा तिचा प्रयत्नही दिसत होता. नात खिडकीत बसून माझा पेपर वाचत होती.

मी पोह्यांवर खोबऱ्याची वाटी उपडी करायला उचलली आणि हात तिथेच थांबला. मी खाल्लं असतं तर दोन दिवस पडलो असतो, माझा मी. पण ताटं तीन होती. मी नातीकडे बघितलं. वाटी खाली ठेवून मी खुर्चीवर बसलो आणि आपण हरलो, हे मला बसल्या बसल्या कळलं.

"जरा याचा वास घे गो," मी लेकीपुढे वाटी धरली.

"का?"

मग मी सगळं सांगितलं. एप्रिलमधलं आजारपण, साडेनऊची शेजारीण, दोनदा टाकलेलं खोबरं, सगळं. ती ऐकत होती. रागावेल असं वाटलं, पण तिचा चेहरा रागाचा नव्हता. तिने वाटी घेतली, नाकाशी नेली आणि नको तितका वेळ धरून ठेवली.

"बरं हाय," ती म्हणाली.

खिडकीतून नात उठून आली. तिने आईच्या हातातून वाटी काढून घेतली, हुंगली आणि तोंड फिरवलं. "खवट आहे हे. आई, तू कशाला वास घेतेस? तुला कुठे येतो?"

बाहेर एक गाडी सुटली. कुठली होती, ते मला आज सांगता येणार नाही. लेक ओट्याला टेकली आणि फरशीकडे बघत बोलायला लागली, वर्गात बोलते तशी मुळीच नाही.

"तुमच्यानंतर मी पडले ना बाबा, तेव्हाच गेला. तुमच्याकडून ताप आला म्हणून गेला, असं तुम्ही जिवाला लावून घेतलं असतं, म्हणून नाय बोलले. घरी ही नायतर हे असल्याशिवाय मी गॅस पेटवत नाय. त्या दिवशी शेजारणीचा फोन आला तेव्हा मला ते सगळं डोळ्यांपुढं दिसलं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं तसं."

एवढी वर्षं मी तिला माझ्या नाकाचे विनोद सांगत होतो आणि ती हसत होती. मी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला, हे मी तिच्या लग्नानंतर केलं नव्हतं. ती रडली, मीही रडलो. नातीने शांतपणे ते खोबरं टाकलं, दुसरा नारळ शोधून फोडला, हुंगला, मग डाळीलाही नाक लावलं आणि "पास" म्हणून दोन्ही ओट्यावर ठेवलं.

मग पोहे दडपले आणि आम्ही जेवलो. लेक नेहमीसारखी थोडंसं चिवडत जेवत होती. ती तशी का जेवते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी तिच्यापुढे सरबताचा ग्लास ठेवला. कोकम असेल म्हणून तिने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि मग एकदम थांबली. ओठांना बोट लावलं. ग्लासात वाकून बघितलं.

"यात काय घातलंत?"

"तिरफळ. तुझ्या आईचं."

तिने ग्लास उचलला आणि सावकाश, प्रत्येक घोटानंतर थांबत, सगळा संपवला. मग रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला. "कळतंय बाबा," ती म्हणाली. "मला कळतंय हे." मी दुसरा ग्लास भरला आणि तिसराही. पोह्यांत मिरची आणि कैरी किती घालतो, ते तिने विचारलं आणि पुन्हा वाढून घेतलं.

निघताना नात जिना उतरली तरी लेक दारात चपला घालत रेंगाळली. मी तिला विचारलं, की मग वरसेला कधी यायचं, काय ते सांग, मी सामान बांधतो.

"तुम्ही वरसेला आलात," ती म्हणाली, "तर मी रविवारी जेवायला जाऊ कुठं?"